रोजचं तिकीट

थोरल्या भावाने, मोटाभाईंनी, तिसऱ्यांदा तेच म्हटलं, तेव्हा दक्षाने चहाची बशी ओट्याच्या कठड्यावर ठेवून दिली.

"तिकिटं काढू की," मोटाभाई म्हणाले. "हवी तेवढी काढू. जाणाऱ्यांची काढू, न जाणाऱ्यांची काढू. पण त्यासाठी गाडीत बसायचं कशाला?"

"आज रेल्वेचे साहेब माणसं मोजणार आहेत, मोटाभाई. तिकिटं नाही."

"तिकीट आहे म्हणजे माणूस आहेच."

गेली कित्येक वर्षं सगळं वासणोल याच समजुतीवर चाललं होतं, आणि ती समजूत मोटाभाईंनीच गावाला दिली होती.

केयूरचा गोळधाणा, म्हणजे साखरपुडा, होता. तिच्या धाकट्या भावाच्या, किरीटच्या, या एकुलत्या एका मुलाचं लग्न ठरलं होतं आणि मुलगी मांडवाळ जंक्शनची. म्हणजे रेल्वेच्या शेवटच्या टोकाची, स्टेशनासमोरच्या गल्लीतली. वासणोलच्या दारात गाडीत बसावं आणि मुलीच्या दारात उतरावं, अशी या घराण्यातली ही पहिलीच सोयरीक होती. त्यात माणसं मोजणारे रावळसाहेब नेमके आजच सकाळच्या गाडीने येणार होते. दक्षाला वाटलं होतं, देवानेच दोन्ही गाठी एका दोरीत मारून दिल्या. आता ओट्यावर दाटीवाटीने बसलेल्या, गाठिये खाणाऱ्या नातेवाइकांकडे बघताना तिला वाटत होतं की देवाचा या कुटुंबाशी परिचय नसावा.

"फोई, गाडीला सव्वा तास लागतो," केयूर आत्याला समजुतीच्या सुरात म्हणाला. "जीपने अर्धा तास."

"तुझा मुहूर्त साडेदहाचा आहे. गाडी साडेनऊला पोचते."

"आणि वेळेवर आली नाही तर?"

"कधी आली नाही ते सांग."

केयूरने वडिलांकडे पाहिलं. गाडी वेळेवर येते की नाही, हे त्याला माहीतच नव्हतं. शाळेपासून तो वडिलांच्या जीपमधून फिरला होता.

किरीट अंगणात जीपच्या बॉनेटवर झेंडूच्या माळा बांधत होता. त्याच्या दोन जीपा रोज वासणोल ते मांडवाळ फेऱ्या मारायच्या. सकाळची पहिली फेरी गाडीच्या पाच मिनिटं आधी, गावच्या छोट्या स्टेशनाच्या, म्हणजे हॉल्टच्या, दारातूनच सुटायची. दक्षाच्या तिकिटाच्या खिडकीकडे निघालेला माणूस दारातच त्याच्या हाती लागे. "बेन माझी, धंदा माझा," असं तो हसून म्हणायचा. आणि तोच किरीट रोज सकाळी न चुकता खिडकीशी येऊन चार तिकिटं घ्यायचा, पैसे मोजून ठेवायचा आणि तिकिटं खिशात टाकून जीप चालू करायचा. दक्षाला आपल्या भावाचं हे गणित कधी सुटलं नव्हतं.

"किरीट, तुला मी काय सांगितलं होतं?"

"ऐकलंय, बेन." त्याने तोंडातला दोरा सोडला. "पण व्याह्यांच्या दारात आम्ही त्या खेळण्यातून उतरायचं? ते म्हणतील, जीपवाल्याच्या घरची माणसं आणि जीपला डिझेल नाही."

"ते स्टेशनासमोर राहतात. रोज तीच गाडी बघतात."

"म्हणून तर."

आतून किरीटची बायको अलका हातात छाबा, सजवलेल्या परड्या, घेऊन आली. साड्यांच्या, सुक्या मेव्याच्या, गूळ आणि धण्यांच्या. तिच्या डोक्यात बसण्याची व्यवस्था पक्की होती. "पहिल्या जीपमध्ये पुढे माझ्या बा बसतील, त्यांना मागे गरगरतं. मधे केयूर, मी, मोटाभाई. दुसरीत लीलाभाभी, छाबा आणि मिठाई."

लीलाभाभींनी गाठियाची वाटी खाली ठेवली. मोटाभाईंच्या पत्नी, घरात सगळ्यात मोठ्या. "मिठाईबरोबर," त्या म्हणाल्या.

"सांभाळायला कोणीतरी जबाबदार माणूस हवं ना, भाभी."

"हो, हवंच की. वरमायेच्या आईला पुढची जागा, आणि वरमायेच्या जेठाणीला पेढ्यांची."

दक्षा उठली. या भांडणाला आता अर्धा तास तरी मरण नव्हतं, आणि तिला खिडकी उघडायची होती. लीलाभाभींकडून मदतीची आशा तिने केव्हाच सोडली होती. सासर सोडून ती माहेरी आली, त्याला वीस वर्षं झाली, पण लीलाभाभी अजून पाहुण्यांना सांगायच्या, "आमच्या घरच्या दीकरीने माहेरी दुकान मांडलंय."

"मोटाभाई, मी शेवटचं सांगते," चपला घालताना ती म्हणाली. "आज उतारू दिसले नाहीत तर हॉल्ट बंद. साहेबांनी तोंडावर सांगितलंय. मग मी काय करू, तेही आज संध्याकाळी ओट्यावर बसून ठरवा."

"असं कसं बंद करतील?" मोटाभाई म्हणाले. "जेठाभाबापांनी जमीन दिलीय."

*

घराण्याचे पूर्वज जेठाभाबापा यांची गोष्ट दक्षाने इतक्या वेळा ऐकली होती की ती आता कानाला लागत नसे. इथे रूळ टाकले तेव्हा डबे बैल ओढायचे. इंजिनं नंतर आली. संस्थानच्या महाराजांचा मराठी इंजिनिअर नकाशा घेऊन आला, जेठाभाबापांनी शेताची एक पट्टी दिली आणि बदल्यात एकच मागितलं, की गाडी माझ्या जिनापाशी थांबली पाहिजे. कापूस काढायचं जिन तेव्हा नुकतंच उभं राहिलं होतं. गाडी थांबली. पुढची कितीतरी वर्षं वासणोलचा कापूस गाठी बांधून जिनाच्या बाजूनेच डब्यात चढायचा, आणि घरातली माणसंही तिकडूनच चढायची. फलाट रुळांच्या पलीकडे होता. तो इतर लोकांसाठी.

मोटाभाई गोष्ट तिथेच संपवत. पुढचा भाग सांगण्यासारखा नव्हता. ट्रक आले आणि मालगाडी गेली. मग दुपारची गाडी गेली. मग स्टेशन मास्तर, सांधेवाला आणि घंटा एकाच महिन्यात गेले आणि वासणोल स्टेशनाचं वासणोल हॉल्ट झालं. हॉल्टवर रेल्वेचा नोकर नसतो. कमिशनवर तिकिटं विकणारा गावातला एजंट असतो. त्याने जंक्शनवरून पुठ्ठ्याची तिकिटं आगाऊ पैसे भरून आणायची, विकायची, आणि विक्रीवरची टक्केवारी घ्यायची. दक्षाच्या बापुजींनी ती एजन्सी खटपट करून तिच्या नावावर घेतली होती. घराच्या वाटणीत मुलीला काही लिहून देण्याची त्यांची छाती झाली नाही. खिडकी दिली. "भावांपुढे हात पसरू नकोस," एवढंच ते म्हणाले होते. तिने तो पसरला नव्हता.

मग विक्री कमी म्हणून हॉल्ट बंद करण्याची पहिली नोटीस आली. मोटाभाई तेव्हा सरपंच. त्यांनी गावाला देवळात जमवलं आणि सगळ्यांकडून वदवून घेतलं की प्रत्येक घराने रोज एक तिकीट काढायचं. मांडवाळचं. गावाने ते मनावर घेतलं. चबुतऱ्यावर कबुतरांना दाणे टाकावेत तसं लोक सकाळी येत, तिकीट घेत, दक्षाला "जय श्रीकृष्ण" म्हणत आणि घरी जात. तिकिटं देवापुढे ठेवली जात. पोरं त्यांचा व्यापार खेळत. लीलाभाभींच्या डुगडुगणाऱ्या पलंगाच्या पायाखाली तिकिटांची अख्खी चवड होती. विक्री वाढली आणि हॉल्ट वाचला. तिकीट काढलं की काम झालं, अशी सगळ्यांची खात्री पटली, आणि गाडीत बसायचं असतं हे हळूहळू कोणाच्या लक्षातच राहिलं नाही.

मागच्या महिन्यात रावळसाहेब गाडीतून उतरून खिडकीशी आले. ते रेल्वेचे तपासणी करणारे साहेब. सावकाश बोलणारे, पित्ताचा त्रास असल्यासारखा चेहरा. त्यांनी विक्री बघितली, मग रिकामा फलाट बघितला.

"दक्षाबेन, बिनतिकिटाचे प्रवासी मी आयुष्यभर पकडले," ते म्हणाले होते. "बिनप्रवाशाची तिकिटं पहिल्यांदा बघतोय."

तिने काही लपवलं नव्हतं. सगळं सांगितलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गाडी माणसांसाठी थांबवतात. पुढच्या गुरुवारी, नाहीतर त्याच्या पुढच्या, मी येऊन मोजीन. सांगून येईन, म्हणजे तक्रार नको."

त्यांनी सांगितलं होतं. गुरुवार आजचा.

*

खिडकी उघडून तिने तारखेचा शिक्का बदलला आणि तिकिटं मांडली. मांडवाळची सगळ्यात जास्त. चाळीस माणसं घरी जमली होती. त्यातली पंधरा आली तरी पुरे होती. दहासुद्धा चालली असती.

रोजचे लोक मात्र एकामागून एक आले नाहीत, कारण तिने कालच सांगून टाकलं होतं की उद्या बसणाऱ्यालाच तिकीट मिळेल. पीठगिरणीचा रणछोड तेवढा आला आणि खिडकीत नाणी ठेवून उभा राहिला.

"बसणार?" तिने विचारलं.

"मी? गिरणी कोण बघणार?"

"मग राहू दे."

"अहो, पण पैसे देतोय ना बेन." तो दुखावला. "एवढी वर्षं कधी चुकवलं नाही."

"तेच तर," दक्षा म्हणाली. पण तिला त्याच्याशी भांडायचं नव्हतं. रणछोड नाणी उचलून, एकदा फलाटाकडे आणि एकदा तिच्याकडे बघून गेला. देवळाचं दार तोंडावर बंद झाल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

मग कोणीच आलं नाही. जिनाच्या पडक्या भिंतीपलीकडून जीपचा हॉर्न ऐकू आला, दोनदा. निघाले, तिच्या मनात आलं. तिला रडू आलं नाही, राग आला. आणि रागापेक्षा जास्त थकवा, एकच भांडं रोज घासून रोज खरकटं मिळावं तसला. चाळीस माणसं. तिकीट काढायला सांगा, शंभर काढतील. उपास करायला सांगा, करतील. जेठाभाबापांच्या नावाने दगड उभा करायला सांगा, वर्गणी जमवतील. सव्वा तास एका लाकडी बाकावर बसायला सांगितलं, तर व्याही काय म्हणतील.

गाडी वेळेवर आली. पाच निळे डबे, खांद्याला खांदा लावून डुलणारे. नेहमीसारखी ती इतकी सावकाश आली की कुत्रं रुळांवरून उठून, अंग झाडून बाजूला झालं. रावळसाहेब पहिल्या डब्यातून फलाटावर उतरले आणि थेट खिडकीशी आले.

"आजची विक्री?"

"एकही नाही."

साहेबांनी ओठ आवळले. त्यांना वाईट वाटलं होतं, हे दिसत होतं. "सांगून आलो होतो," ते म्हणाले.

"हो. माझी तक्रार नाही."

त्यांनी खिशातून पेन काढलं, आणि त्याच वेळी गाडीतून आवाज आला. एक नव्हे, बरेच. कोणीतरी "अगं छाब सरळ धर" म्हणत होतं. कोणीतरी खिडकीजवळच्या जागेवरून भांडत होतं. मधल्या डब्याच्या खिडकीतून लीलाभाभींचा चेहरा बाहेर आला, डोक्यावर पदर, नाकात ठेवणीतली चुनी.

"दक्षाबेन," त्या म्हणाल्या, "ही तुमची गाडी सुटते की नाही? बाकं किती कडक आहेत हो."

दक्षा खिडकीमागच्या खोलीचं दार उघडून बाहेर आली. सगळे डब्यात होते. मोटाभाई, त्यांची चुलत भावंडं, सुना, केयूर नव्या शेरवानीत, अलकासुद्धा, तोंड फुगवून. पलीकडून, जिनाच्या बाजूने, बापजादे चढायचे तसेच सगळे चढले होते. फलाटावर यावं, खिडकीशी थांबावं, हे एकाच्याही मनात आलं नव्हतं.

"तुम्ही आलात," ती म्हणाली.

"मग काय मिठाईबरोबर जाऊ?" लीलाभाभी म्हणाल्या. "मी सांगितलं, मी माझ्या नणंदेच्या गाडीने जाणार. ज्याला माझा मान आहे तो माझ्याबरोबर येईल. मग सगळ्यांना मान आठवला." त्या थांबल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "ती अलकाची आईपण आलीय. एकटी काय करणार जीपमध्ये."

रावळसाहेब दाराशी जाऊन उभे राहिले. "तिकीट?" त्यांनी मोटाभाईंना विचारलं.

"काढलंय," मोटाभाई म्हणाले.

"कुठे आहे?"

"घरी. हजारो आहेत. रोज काढतो आम्ही. बसत नव्हतो, आज बसलो."

"ती त्या त्या दिवसाची झाली, शेठ. आजचं?"

"साहेब, तुमच्या रेल्वेने आमच्याकडून इतकी वर्षं पैसे घेतले आणि एकदाही कुठे नेलं नाही. हिशेबाने आम्ही अजून पुष्कळ दिवस फुकट बसू शकतो." ही चलाखी नव्हती. मोटाभाई मनापासून बोलत होते. डब्यातल्या माना हलल्या. कोणीतरी "बरोबर आहे" म्हणालं.

साहेब दक्षाकडे वळले. गार्डने हिरवं निशाण उचललं होतं. साहेबांनी हाताने त्याला थांबायला सांगितलं. "दक्षाबेन, दोन मिनिटं गाडी थांबवतो," ते हळूच म्हणाले. "यांना खिडकीवरून तिकिटं द्या. मी आधी काही विचारलंच नव्हतं, असं समजा."

भला माणूस होता. दक्षाने त्याच्याकडे पाहिलं, मग डब्याकडे.

"उतरा सगळे," तिने आवाज दिला. "एकेकाने येऊन तिकीट घ्या."

"उतरायचं?" लीलाभाभी म्हणाल्या. "माझे गुडघे? दोघांनी वर ढकललंय मला."

"जागा जाईल माझी," आतून कोणीतरी म्हणालं.

"प्रश्न गुडघ्याचा नाही, तत्त्वाचा आहे," मोटाभाई म्हणाले. "एकदा दिलेले पैसे पुन्हा द्यायचे नाहीत."

"मोटाभाई, गाडी खोळंबलीय."

"खोळंबू दे. जमीन आपली आहे."

आणि तिथे दक्षाच्या डोक्यात काहीतरी स्वच्छ झालं. ही माणसं उद्याही अशीच असणार होती. आज तिने चाळीस तिकिटं फाडली असती, तर तीही रोजच्यासारखीच दिसली असती. वरच्या ऑफिसात कोणीतरी म्हणालं असतं, एजंटच्या घरचीच माणसं, एजंटचीच तिकिटं.

"साहेब," ती म्हणाली, "दंड करा."

"काय?"

"सगळ्यांना. एकच पावती लिहा. वासणोलहून चढले, इतकी माणसं, बिनतिकीट. माझ्या तिकिटांवर तुमचा विश्वास नाही, तो नसायलाच हवा. तुमच्या हातच्या पावतीवर तरी असेल."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, पण लिहिलं नाही. "तुमच्या कमिशनमध्ये यातलं काही येणार नाही. तुमच्या नावावर आज शून्यच राहील."

"राहू दे."

"दक्षा," मोटाभाईंचा आवाज बदलला. "केयूरच्या गोळधाण्याला निघालोय. सख्ख्या भावाला दंड करवतेस?"

"भावाला नाही, प्रवाशाला," ती म्हणाली. "जेठाभाबापांनंतर तुम्हाला कोणी प्रवासी म्हणून लिहिलेलं नाही. आज लिहून घ्या."

अलका नवऱ्याच्या मोठ्या भावाकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत, दक्षाला वाटलं, थोडी मजाही होती. मोटाभाईंनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी लीलाभाभींनी कमरेची पिशवी सोडली.

"घ्या हो साहेब. किती ते?" त्या म्हणाल्या. "मांडवाळला लोक ताटं घेऊन उभे असतील. यांचं तत्त्व संध्याकाळी बघू. लिहा, आणि नीट मोजा. त्या कोपऱ्यातली दोन पोरंही धरा."

साहेब डब्याडब्यातून फिरून मोजत गेले. परत आले तेव्हा दाराच्या दांडीला टेकून त्यांनी पावती लिहिली आणि लीलाभाभींच्या हातात दिली. मग दक्षाला म्हणाले, "आजचा आकडा मी वर पाठवीन. तो खरा आहे. पण बेन, उद्याचा आकडा कोण पाठवणार?"

"उद्यापासून बसणाऱ्यालाच तिकीट देईन."

"मग विक्री पडेल."

"पडू दे. जेवढी असेल तेवढी तुम्हाला डब्यात सापडेल."

साहेबांनी मान हलवली. हो की नाही, ते त्यावरून कळलं नाही. ते डब्यात चढले आणि मोटाभाईंनी, नाइलाजाने का होईना, सरकून त्यांना जागा दिली.

तेवढ्यात किरीट धावत आला. दोन्ही सजवलेल्या जीपा जिनापाशी रिकाम्या उभ्या होत्या. पहिलीत ड्रायव्हर आणि दुसरीत मिठाई. त्याचा चेहरा घामाने आणि रागाने भिजला होता.

"मुलाचा बाप मी," तो म्हणाला, "आणि मला न विचारता सगळी वरात पळवली. व्याही म्हणतील, बाप कुठेय?"

"भाभींना विचार."

"भाभींशी मी बोलत नाही आजपासून." त्याने सवयीने खिडकीच्या फळीवर पैसे ठेवले. "चार दे."

"कशाला?"

"रोजची." तो तिच्याकडे बघत राहिला. "घरातलं भांडण वेगळं, रोजचं वेगळं. त्यात मी कधी खाडा केलाय का?"

केला नव्हता. तापात कोणाच्या तरी हाती पैसे पाठवून त्याने तिकिटं घेतली होती.

"रोजची बंद, किरीट. तू रोज चार तिकिटं विकत घेतोस आणि दारात उभा राहून माझे दहा उतारू नेतोस. एवढ्या वर्षांत मी तुला हे म्हटलं नाही. आज म्हणते. जीप गाडी गेल्यावर काढ."

"पोट आहे, बेन."

"माझंही आहे."

गार्डने शिट्टी वाजवली. डबे हलले, आधी नुसते कुरकुरले, मग निघाले. आतून बायकांनी लग्नाचं गाणं उचललं, कोणी वरच्या सुरात, कोणी खालच्या. किरीट गाडीकडे बघत होता. जीपने निघाला असता तर तो तिच्या आधी पोचला असता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"एक दे," तो म्हणाला.

"बसणार?"

"दे ना, बसतोय."

तिने मांडवाळचं एक तिकीट उचललं, शिक्का मारला आणि चारांतले उरलेले पैसे त्याच्यासमोर सरकवले. त्याने ते उचललेच नाहीत. तो पळाला. त्याला पळायची गरज नव्हती, वासणोलची गाडी चालत्या माणसालाही सापडते. पण तो पळाला, शेवटच्या डब्याची दांडी पकडली आणि तिकीट धरलेला हात बाहेर ठेवून उभा राहिला, जणू कोणी ते तपासायला धावत येणार होतं.

दक्षाने उरलेले पैसे वेगळे काढून ठेवले. दिवसभराची तिची विक्री एवढीच, एक तिकीट. त्याने परतीचं मागितलं नव्हतं. जिनापाशी ड्रायव्हरने मिठाईची जीप चालू केली होती आणि तो धूळ उडवत मांडवाळच्या रस्त्याला लागला. संध्याकाळच्या गाडीतून कोण कोण उतरतं, हे बघायला ती खिडकी उघडी ठेवून बसली.